वृक्षांची कीटकरोधकता

पाने, साल, काष्ठ, फळे किंवा बिया खाऊन जगणाऱ्या कीटकांना दूर ठेवण्याची, त्यांची वाढ खुंटविण्याची किंवा त्यांनी केलेली हानी भरून काढण्याची वृक्षाची जी अंगभूत क्षमता असते, तिला कीटकरोधकता म्हणतात. प्राण्याला शत्रूपासून पळून जाता येते. वृक्षाला ते शक्य नसते. शिवाय वृक्षाचे आयुष्य दीर्घ, तर कीटकाचे अल्प असते. सागाचे एक झाड ऐंशी वर्षे उभे राहिले, तर तेवढ्या काळात त्याची पाने खाणाऱ्या पतंगाच्या शेकडो पिढ्या होऊन जातात. प्रत्येक पिढीत कीटकाला थोडे थोडे बदलण्याची संधी मिळते. झाडाला मात्र रोपावस्थेत लाभलेल्या आनुवंशिक भांडवलावरच सर्व आयुष्य काढावे लागते. असे असूनही अरण्ये सामान्यतः हिरवीगार दिसतात. पक्षी, परजीवी गांधील माश्या, कोळी, कवके व विषाणू हे कीटकांचे शत्रू याला पुष्कळ अंशी कारणीभूत आहेत. परंतु वृक्षाचा स्वतःचा वाटाही मोठा असतो. हा वाटा कोणता, तो कोठे पुरा पडतो आणि कोठे अपुरा, हा वनकीटकविज्ञानातील एक मूलभूत प्रश्न आहे.

सर्वसामान्य स्वरूप : काटे, जाड साल, पानांवरील लव, पानांच्या पेशींतील सिलिका ही संरक्षणाची उघड दिसणारी साधने होत. त्यांहून महत्त्वाची साधने रासायनिक आहेत. टॅनिने, राळ, चीक, अल्कलॉइडे, टर्पिनॉइडे, क्विनोने अशी सहस्रावधी द्रव्ये वनस्पतींत तयार होतात. त्यांचा श्वसनाशी, प्रकाशसंश्लेषणाशी किंवा वाढीशी प्रत्यक्ष संबंध नसल्यामुळे दीर्घकाळ त्यांना चयापचयातील टाकाऊ द्रव्ये समजत असत. जी. एस. फ्रेंकेल या कीटकविज्ञांनी १९५९ मध्ये, ही द्रव्ये प्रामुख्याने कीटकांपासून संरक्षणासाठीच आहेत, असे ठामपणे प्रतिपादन केले आणि या विषयाला नवी दिशा मिळाली. 

संरक्षण फुकट मिळत नाही. टॅनिनासाठी वा राळेसाठी खर्ची पडलेला कार्बन व ऊर्जा ही नवी पाने, मुळे किंवा बिया यांच्यासाठी उपलब्ध राहत नाहीत. म्हणून कोणताही वृक्ष सर्व अवयवांचे, सर्व ऋतूंत, सर्व शत्रूंपासून सारखेच रक्षण करीत नाही. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळील ओक वृक्षांवर पी. फीनी यांनी केलेला अभ्यास या बाबतीत उद्‌बोधक आहे. तो १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. ओकच्या कोवळ्या पानांत टॅनीन कमी व प्रथिने जास्त असतात. पाने जून होत जातात तसतसे टॅनीन वाढते व प्रथिने घटतात. तेथील एका पतंगाच्या अळ्या नेमक्या वसंताच्या प्रारंभी, पालवी फुटते त्या थोड्या दिवसांत, आपले खाणे उरकून घेतात. कोवळे पान अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अळीच्या वाट्याला येते. चार दिवस उशीर झालेल्या अळीला चामड्यासारखे पान मिळते. वृक्ष व कीटक यांच्यातील झगडा पुष्कळदा असा कालगणनेचा असतो.

काही संरक्षण नेहमीच तयार असते, तर काही हल्ला झाल्यावरच उभे राहते. टोमॅटो व बटाटा यांचे एक पान कीटकाने कुरतडले असता न कुरतडलेल्या पानांतही प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारे द्रव्य तयार होते, असे टी. आर. ग्रीन व सी. ए. रायन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले. वृक्षांच्या बाबतीत डी. एफ. ऱ्होड्स यांनी १९८३ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. अळ्यांनी खाल्लेल्या विलो वृक्षांची पाने अळ्यांच्या दृष्टीने निकस होतातच, परंतु त्यांच्या आसपासच्या, न खाल्लेल्या विलोंची पानेही तशीच होतात, असे त्यांना आढळले. मुळांचा संबंध नसल्यामुळे हा संदेश हवेतून जात असावा, असा त्यांनी तर्क केला. त्याच वर्षी आय. टी. बॉल्डविन व जे. सी. शुल्ट्झ यांनी पॉप्लर व मॅपल यांच्या रोपांवरील प्रयोगांतून तसाच निष्कर्ष काढला. वृत्तपत्रांनी ‘बोलणारी झाडे’ म्हणून या संशोधनाला इतकी प्रसिद्धी दिली, की गंभीर वैज्ञानिक काही वर्षे त्यापासून दूरच राहिले. प्रयोगांच्या मांडणीतही उणिवा होत्या. जखमी पानांतून बाहेर पडणाऱ्या बाष्पनशील द्रव्यांचे विश्लेषण पुढे शक्य झाले, तेव्हा मूळ कल्पना बव्हंशी ग्राह्य ठरली; मात्र झाडे एकमेकांना ‘सांगतात’ असे म्हणण्यापेक्षा एका झाडाच्या जखमेचा वास दुसऱ्याला उपयोगी पडतो असे म्हणणे अधिक योग्य होय.

भारतातील अभ्यास : भारतात वनकीटकांच्या पद्धतशीर अभ्यासाला विसाव्या शतकाच्या प्रारंभी सुरुवात झाली. डेहराडून येथील वनसंशोधन संस्था १९०६ मध्ये स्थापन झाली. ई. पी. स्टेबिंग यांचा वनांतील भुंगेऱ्यांवरील ग्रंथ १९१४ मध्ये आणि सी. एफ. सी. बीसन यांचा वनकीटकांचे परिस्थितिविज्ञान व नियंत्रण यांवरील प्रसिद्ध ग्रंथ १९४१ मध्ये निघाला. बीसन यांनी कीटकांच्या नुसत्या याद्या दिल्या नाहीत, तर कोणता कीटक झाडाच्या कोणत्या अवस्थेत, कोणत्या महिन्यात व कोणत्या हवामानात शिरकाव करू शकतो, हे नोंदविले. निवृत्तीनंतर हेच गृहस्थ इंग्लंडमधील जुन्या चर्चांच्या घड्याळांचे अधिकारी इतिहासकार झाले. काळाच्या सूक्ष्म नोंदीची त्यांची आवड वनकीटकांच्या ग्रंथातही दिसून येते.

त्या काळी सर्वाधिक चिंता शाल (हिंदीत साल) वृक्षाची होती. हॉप्लोसेरँबिक्स स्पिनीकॉर्निस या लांब शृंगिकांच्या भुंगेऱ्याच्या अळ्या शालाचे खोड पोखरतात. पावसाळ्याच्या पहिल्या सरींबरोबर भुंगेरे बाहेर पडतात व मादी सालीच्या भेगांत अंडी घालते. अळ्या प्रथम सालीखालचा भाग व नंतर रसकाष्ठ आणि मध्यकाष्ठ कोरीत जातात. झाडाच्या बुंध्याशी भुशाचा ढीग साचतो. निरोगी शालाला यावर एक उपाय असतो. जखम झाली, की तेथे राळ पाझरते आणि कोवळ्या अळ्या तीत अडकून गुदमरतात. थोड्या अळ्या असतील, तर झाड बहुधा वाचते. परंतु अवर्षणाने, वयोमानाने किंवा दाटीने राळेचा पुरवठा कमी पडला अथवा भुंगेऱ्यांची संख्या फार वाढली, तर राळ अपुरी पडते. एका अळीला पुरणारी राळ शंभर अळ्यांना पुरत नाही, इतका हा हिशोब सरळ आहे. मध्य प्रदेशातील मंडला भागात १९२३–२८ या काळात आणि पुन्हा १९९४ नंतरच्या काही वर्षांत अशा साथींत लक्षावधी शाल वृक्ष मेले.

या भुंगेऱ्याच्या नियंत्रणाची पद्धत वृक्षाच्या संरक्षणाचा उलटा उपयोग करते. ताज्या तोडलेल्या शालाच्या रसाकडे भुंगेरे दुरून आकर्षिले जातात. म्हणून पावसाळ्याच्या आरंभी काही झाडे तोडून त्यांचे ओंडके करतात, साल ठेचून सैल करतात व रस पिऊन सुस्त झालेले भुंगेरे मजुरांकडून वेचून घेतात. या ‘सापळा-वृक्ष’ पद्धतीत कीटकनाशक लागत नाही. मात्र ती दरवर्षी, साथ नसतानाही, चालू ठेवावी लागते. साथ आल्यावर हजारो झाडे तोडण्याची वेळ येते, ती बहुधा आधीच्या वर्षांत या कामाची हेळसांड झाल्यावर.

साग : महाराष्ट्रातील वनांच्या दृष्टीने सागाचे उदाहरण अधिक जवळचे आहे. सागाचे मध्यकाष्ठ वाळवीला दाद देत नाही, हे सर्वश्रुत आहे. टेक्टोक्विनोन, लॅपॅकॉल इ. क्विनोने त्यात साठविलेली असतात व जुन्या वाड्यांच्या तुळया शतकानुशतके टिकण्याचे कारण हेच होय. परंतु रसकाष्ठात ही द्रव्ये फारशी नसतात. म्हणून कोवळ्या सागाची पांढुरकी फळी वाळवी खाते, आणि ‘साग म्हणून घेतले ते पोखरले गेले’ अशी तक्रार ऐकू येते. दोष सागाचा नसून वयाचा असतो.

काष्ठाचे इतके कडेकोट रक्षण करणारा हा वृक्ष पानांच्या बाबतीत आश्चर्य वाटावे इतका निष्काळजी दिसतो. हायब्लिया प्युएरा या पतंगाच्या अळ्या जूनमधील कोवळी पालवी काही दिवसांत फस्त करतात. शांत दुपारी अशा वनात विष्ठेचे कण पाचोळ्यावर पडल्याचा पावसासारखा आवाज येतो. पूर्ण वाढलेल्या अळ्या रेशमी धाग्याला लोंबकळत जमिनीवर उतरतात व पाचोळ्यात कोशावस्थेत जातात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात जून पानांवर यूटेक्टोना मॅकीरॅलिस या दुसऱ्या पतंगाच्या अळ्या येतात. त्या शिरा तेवढ्या ठेवून मधला हिरवा भाग खातात. विदर्भातील सागवने सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वणव्याने होरपळल्यासारखी तपकिरी दिसतात, ती यांच्यामुळे.

सागाला यामुळे सहसा मरण येत नाही. तो पुन्हा पालवतो. म्हणून हे नुकसान नगण्य आहे, असे वनाधिकारी पुष्कळ वर्षे मानीत. केरळ वनसंशोधन संस्थेतील के. एस्. एस्. नायर व त्यांचे सहकारी यांनी निलंबूर येथे पाच वर्षे काही कोवळ्या झाडांचे अळ्यांपासून संरक्षण केले, काही झाडे तशीच सोडली व दोहोंची वाढ मोजली. अळ्यांनी खाल्लेल्या झाडांना काष्ठाच्या संभाव्य वाढीपैकी सु. ४४ टक्के वाढीला मुकावे लागले होते (१९८५). पुन्हा पालवण्याची क्षमता हेही संरक्षणच आहे, परंतु त्याची किंमत काष्ठात मोजली जाते. त्याच वनात काही झाडांना इतरांच्या आधी पालवी फुटते आणि पतंग येईपर्यंत त्यांची पाने जून झालेली असल्याने ती वाचतात, असेही आढळले. ऑक्सफर्डच्या ओकचाच हा धडा, भूमिका तेवढ्या उलट.

कडुनिंब : महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात दाट वने नाहीत. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सु. ५५० मिमी. पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. म्हणूनच कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र १९३३ मध्ये सोलापूर येथे सुरू करण्यात आले. येथील वृक्षसंपत्ती बांधांवर, ओढ्याकाठी, रस्त्यांच्या कडेला व गावठाणात विखुरलेली आहे आणि तीत कडुनिंब हा प्रमुख वृक्ष आहे. उन्हाळ्यात पारा ४० अंश से.च्या वर जातो, तेव्हा गावात जी गर्द सावली सापडते ती बहुधा लिंबाचीच. उन्हाळ्याच्या तोंडी, इतर खाद्य दुर्मिळ असताना, एखाद्या झाडावर कोवळी पालवी फुटावी व ती कीटकांनी बव्हंशी सोडून द्यावी, ही गोष्ट साधी नाही. 

शेतकऱ्यांना ती पूर्वीपासून ठाऊक आहे. मंगळवेढे परिसर ज्वारीचे कोठार म्हणून ओळखला जातो. ज्वारी पेवात किंवा कणगीत भरताना लिंबाचा वाळलेला पाला थराथरांत घालण्याची रीत या भागात व शेजारच्या मराठवाड्यात जुनी आहे. कपड्यांच्या व पोथ्यांच्या पेटीतही हा पाला ठेवीत. मात्र लोकज्ञान ‘कडू असते म्हणून कीड लागत नाही’ येथे थांबते, आणि हे स्पष्टीकरण अपुरे आहे. माणसाच्या जिभेला कडू लागणारे सर्व काही कीटकाला कडू लागते असे नाही.

रासायनिक शोधाचा आरंभ सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी केला. त्यांनी १९४२ मध्ये निंबतेलातून निंबीन, निंबिनीन व निंबिडीन ही कडू द्रव्ये वेगळी केली. परंतु त्यांचा कीटकांशी असलेला संबंध दाखविणारा निर्णायक प्रयोग वीस वर्षांनी, नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेत, एस. प्रधान व त्यांचे सहकारी जोतवाणी आणि राय यांनी केला. टोळधाडीतही कडुनिंब हिरवा राहतो, हे अनेकांनी पाहिले होते. प्रधान यांनी पानांऐवजी निंबोळीच्या मगजाकडे लक्ष वळविले. मगज वाटून, पाण्यात कालवून त्याचे अत्यंत सौम्य, सु. ०·१ टक्का, मिश्रण त्यांनी पिकांवर फवारले. दिल्ली परिसरात १९६२ मध्ये टोळांचे थवे उतरले. ते फवारलेल्या पिकांवर बसले, परंतु त्यांनी ती खाल्ली नाहीत. हा परिणाम सुमारे तीन आठवड्यांपर्यंत टिकून राहिला. टोळ मेले नव्हते. त्यांनी खाण्याचे नाकारले होते. कीटकनाशकाची परीक्षा मेलेले कीटक मोजून घेण्याच्या त्या काळात हा निष्कर्ष वेगळाच होता. डीडीटी स्वस्त व मुबलक असल्यामुळे त्याकडे व्हावे तितके लक्ष गेले नाही. रेचेल कार्सन यांचा कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवरील ग्रंथही त्याच वर्षी निघाला, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. जर्मन कीटकविज्ञ एच. श्मुट्टरर यांनी १९५९ मध्ये सूदानमध्ये टोळधाडीतून वाचलेले कडुनिंब पाहिले होते. तेथून पुढे त्यांनी आपले आयुष्य याच वृक्षाच्या अभ्यासाला वाहिले. कडुनिंबावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९८० मध्ये जर्मनीत भरली, ती मुख्यतः त्यांच्या प्रयत्नाने.

टोळाला खाणे नाकारावयास लावणारे द्रव्य कोणते, हे ठरविण्यासाठी इंग्लंडमधील कील विद्यापीठात जे. एच. बटरवर्थ व ई. डी. मॉर्गन यांनी टोळालाच परीक्षक केले. बियांच्या अर्काचे एकेक घटक वेगळे करावयाचे, साखरेच्या द्रावणाबरोबर कागदावर लावून टोळांपुढे ठेवावयाचे आणि जो कागद टोळ खात नाहीत त्यातील घटकाचे पुन्हा विभाजन करावयाचे, अशी ही रीत होती. अशा प्रकारे १९६८ मध्ये ॲझाडिरॅक्टीन हे संयुग हाती आले. त्याचा रेणू इतका गुंतागुंतीचा आहे, की त्याची संरचना निश्चित होण्यास १९८५ साल उजाडले. केंब्रिज येथे एस. व्ही. ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे संपूर्ण संश्लेषण २००७ मध्ये पूर्ण केले, त्याला बावीस वर्षे लागली. कारखान्यात ते करणे परवडणारे नाही. झाड मात्र ते दर उन्हाळ्यात तयार करते.

कार्याची रीत : ॲझाडिरॅक्टिनाचे कार्य दोन प्रकारे होते. पहिला प्रकार म्हणजे भक्षणरोध. कीटकाच्या मुखावयवांवर चव ओळखणारे सूक्ष्म केस असतात. ॲझाडिरॅक्टिनाच्या स्पर्शाने त्यांतील ‘खाऊ नये’ असा संदेश देणाऱ्या तंत्रिका-कोशिका उद्दीपित होतात. वाळवंटी टोळ या बाबतीत विलक्षण संवेदनशील असून दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी द्रव्य त्याला पुरते. उलट, अमेरिकेतील एका नाकतोड्याला याची चव मुळीच अडवत नाही. तो खात राहतो, आणि मग दुसरा प्रकार सुरू होतो.

कीटकाची वाढ कात टाकून होते. मेंदूकडून आदेश आला, की वक्षातील ग्रंथीतून एक हॉर्मोन स्रवते व जुनी कात सुटते. ॲझाडिरॅक्टिनामुळे हा आदेशच वेळेवर पोहोचत नाही. अळी दिवसेंदिवस अळीच राहते, अर्धवट कातीत अडकून मरते किंवा प्रौढ झालीच तर तिला अंडी घालता येत नाहीत. अशा कीटकाला विषबाधा झाली असे म्हणण्यापेक्षा त्याचे वेळापत्रक बिघडले असे म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून आहे.

वृक्षाने कीटकाच्या हॉर्मोनांत ढवळाढवळ करण्याचे आणखी एक उदाहरण अकल्पितपणे उघडकीस आले. चेकोस्लोव्हाकियाचे के. स्लामा आपले ढेकूण-कुलातील तांबडे कीटक घेऊन हार्व्हर्ड विद्यापीठात सी. एम्. विल्यम्स यांच्याकडे गेले, तेव्हा तेथे ते कीटक प्रौढच होईनात. पिल्लेच मोठी होत जात व अखेर मरत. अन्न, पाणी, प्रकाश सारे तपासल्यावर कारण निघाले ते बरणीत घातलेल्या कागदी रुमालाचे. अमेरिकन कागद बाल्सम फर या वृक्षाच्या लगद्यापासून केलेला होता आणि त्यात कीटकाच्या बाल्यावस्था टिकविणाऱ्या हॉर्मोनासारखे द्रव्य होते. अमेरिकन वृत्तपत्रांच्या कागदावरही तेच घडे, युरोपीय कागदावर घडत नसे. हे संशोधन १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले व पुढील वर्षी ते द्रव्य वेगळे करून त्याला जुवाबायोन हे नाव देण्यात आले. फर वृक्ष कीटकाचे बालपण लांबवितो, तर कडुनिंब त्याला पुढची पायरी चढू देत नाही. परिणाम एकच, वाटा निराळ्या.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ॲझाडिरॅक्टीन पानांपेक्षा बियांत कितीतरी अधिक असते. पिकलेल्या निंबोळीचा गर गोड असतो. बुलबुल, साळुंकी, कोकीळ व वटवाघळे तो खाऊन बी टाकतात. ज्याने न्यावयाचे त्याला गोड व ज्याने पोखरावयाचे त्याला कडू, अशी ही वाटणी आहे. पाने गेली तर पुन्हा येतात, बी गेले तर वंशच जातो. बियांतही त्याचे प्रमाण मगजाच्या वजनाच्या एक टक्क्याहून कमी असते व ते झाडागणिक बदलते. पेवातल्या पाल्यापेक्षा निंबोळीची भुकटी अधिक परिणामकारक का, याचे उत्तर यात आहे.

उपयोग व वाद : पाच टक्के निंबोळी अर्काची शिफारस कृषी विद्यापीठे दीर्घकाळ करीत आहेत व सोलापूर भागातील डाळिंब, ज्वारी, तूर इ. पिकांवर तो वापरला जातो. पाच किग्रॅ. वाळलेल्या निंबोळ्यांची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, थोडा साबण मिसळून १०० लि. द्रावण करतात. ॲझाडिरॅक्टीन सूर्यप्रकाशात थोड्याच दिवसांत नष्ट होत असल्याने फवारणी सायंकाळी करणे इष्ट असते. अर्क निष्प्रभ ठरल्याच्या तक्रारींमागे पुष्कळदा कारण निंबोळ्यांचेच असते. पावसात भिजून बुरशी आलेल्या किंवा दोन वर्षे साठविलेल्या निंबोळ्यांत कार्यकारी द्रव्य फारच थोडे उरते. निंबोळ्या जून-जुलैमध्ये वेचून, गर धुऊन सावलीत वाळवाव्या लागतात. हे काम बहुतांशी स्त्रिया व मुले करतात आणि त्याचा मोबदला फारच अल्प असतो.

निंबतेलाच्या कवकनाशक उपयोगावर अमेरिकेचे कृषी खाते व एक अमेरिकन कंपनी यांना यूरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये एकस्व दिले, तेव्हा भारतात तीव्र प्रतिक्रिया उमटली. १९९५ मध्ये त्यास आव्हान देण्यात आले. पुणे व सांगली जिल्ह्यांत १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात शेतांवर घेतलेल्या चाचण्यांचा पुरावा त्या सुनावणीत महत्त्वाचा ठरला. मे २००० मध्ये एकस्व रद्द झाले व मार्च २००५ मध्ये त्यावरील अपीलही फेटाळण्यात आले. परंपरेचा नुसता दाखला पुरेसा नव्हता; नोंद करून ठेवलेल्या चाचण्या होत्या म्हणून म्हणणे सिद्ध करता आले.

मर्यादा : कडुनिंबाला कीड लागतच नाही, ही समजूत चुकीची आहे. ॲझाडिरॅक्टीन मुख्यतः चावून खाणाऱ्या कीटकांविरुद्ध प्रभावी असते. सोंड खुपसून रस शोषणाऱ्या कीटकांवर त्याचा भक्षणरोधक परिणाम तुलनेने कमी होतो. दक्षिण भारतात हेलोपेल्टिस अँटोनी हा काजू व चहा यांवरील कुप्रसिद्ध ढेकूण कडुनिंबाचे कोवळे शेंडे टोचतो व ते सुकतात. आफ्रिकेत चॅड सरोवराभोवतीच्या प्रदेशात सावलीसाठी व इंधनासाठी लावलेल्या कडुनिंबांवर १९८० नंतरच्या दशकात एका खवल्या कीटकाचा मोठा उपद्रव झाला. तेथे हा वृक्ष परदेशातून नेलेला, एकसारखा व मोठ्या संख्येने लावलेला होता. कीटकाला रोखणारे इतर वृक्ष व शत्रू यांची साथ त्याला नव्हती.

कवकाविरुद्धही हीच उणीव दिसते. फोमॉप्सिस ॲझाडिरॅक्टी हे कवक कडुनिंबाच्या फांद्या शेंड्याकडून मागे वाळवीत आणते. मैसूर येथील संशोधकांनी त्याचे वर्णन १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. तेलंगणात २०२१ च्या उत्तरार्धात हजारो कडुनिंब एकाएकी तपकिरी पडले, तेव्हा हे कवक व वरील ढेकूण दोन्ही आढळली. ढेकणाने केलेली सूक्ष्म जखम कवकाला आयता दरवाजा ठरते. लोकांत घबराट पसरली. गावेच्या गावे आपला लिंब मेला असे समजली. काही ठिकाणी झाडे तोडण्याची घाईही झाली, ती अनाठायी होती. पुढील हंगामात बहुतेक झाडांना खालच्या फांद्यांतून पुन्हा पालवी फुटली. खोडात व मुळांत साठविलेल्या अन्नावर पुन्हा उभे राहण्याची ही क्षमता सागाप्रमाणेच कडुनिंबातही आहे. मात्र मोहर शेंड्यांकडील फांद्यांवर येत असल्याने रोगट झाडावर त्या वर्षी निंबोळ्या जवळजवळ धरत नाहीत.